टोकियोतील जुन्या घरगुती शोकुदोमध्ये आईवडिलांना जेवायला न्यायचे आहे

पारिजात:

नमस्कार.

माझे आईवडील नोव्हेंबरमध्ये रत्नागिरीहून आमच्याकडे टोकियोला येत आहेत. इथल्या मुक्कामात त्यांना आमच्या घराजवळच्या एका लहानशा शोकुदोमध्ये, म्हणजे रोजच्या साध्या जेवणाच्या घरगुती भोजनालयात, न्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. प्रसिद्ध सुशीची दुकाने त्यांना कोणीही दाखवील; पण इथल्या कष्टकरी माणसांच्या दोन-तीन पिढ्या ज्या जेवणावर पोसल्या, ते जेवण त्यांनी चाखावे असे मला वाटते.

शहराच्या पूर्वेकडील जुन्या वस्तीतले हे भोजनालय एक वयस्कर जोडपे चालवते. आजोबा आत शेगडीपाशी उभे असतात आणि आजी बाहेरचे सगळे पाहतात. चार टेबले आहेत आणि एका कोपऱ्यात चपला काढून बसण्याची तातामीची, म्हणजे गवती चटयांची, उंच बैठक आहे. टेबलांचा फॉर्मायका कडेला घासून पांढरा पडला आहे. पदार्थांची नावे भिंतीवर कागदाच्या उभ्या पट्ट्यांवर ब्रशने लिहिलेली आहेत. कागद तपकिरी झाला आहे, पण किमतीच्या जागी मात्र कोऱ्या कागदाचे लहान तुकडे एकावर एक चिकटवलेले दिसतात. फळीवरच्या टीव्हीवर दुपारच्या बातम्या लागलेल्या असतात, आणि नेहमीची गिऱ्हाइके स्वतःच उठून किटलीतला चहा ओतून घेतात. नाव मुद्दामच देत नाही, कारण दोन माणसांच्या बळावर चालणाऱ्या जागेवर एकाएकी गर्दी लोटावी असे मला वाटत नाही.

बाबा मासे आवडीने खातात, त्यामुळे त्यांची काळजी नाही. आई शाकाहारी आहे. तिला अंडे चालते, शेजारी कोणी मासे खात असले तरी चालते, पण स्वतःच्या ताटात मासे-मटण नको. तिला तिथे पोटभर काही मिळेल का, आणि त्यासाठी आजी-आजोबांना किती सांगणे योग्य ठरेल? दुसरे असे की आम्ही नवरा-बायको, आमची तीन वर्षांची मुलगी आणि हे दोघे असे पाच जण एवढ्याशा जागेत गेलो तर इतरांची अडचण होईल का? आणि बाबा शाळेत इतिहास शिकवत असत. अशी भोजनालये आली कुठून, हे ते नक्की विचारणार, म्हणून त्याविषयीही कोणी लिहिले तर फार बरे होईल.


मुशाफिर:

आईंच्या जेवणाविषयी आधी लिहितो, कारण अडचण खरी तिथेच आहे आणि ती दिसते त्याहून खोल आहे.

शोकुदोमध्ये तेइशोकु म्हणून जो जेवणाचा संच मिळतो त्यात डावीकडे भात, उजवीकडे मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे, सूप, मागे मुख्य पदार्थ, आणि जोडीला एखादी लहान वाटी व लोणचे असते. हे ताट पाहिले की वाटते, मुख्य पदार्थ तेवढा बदलला की झाले. प्रत्यक्षात मासा मुख्य पदार्थात नसला तरी पाण्यात असतो. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले दाशी नावाचे पाणी बहुतेक ठिकाणी कात्सुओबुशीचे किंवा निबोशीचे असते. कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या कुळातला मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवून काढलेला कीस, आणि निबोशी म्हणजे उकडून वाळवलेले बारीक मासे. जुन्या, स्वस्त भोजनालयांत निबोशी अधिक, कारण ते परवडतात आणि सूपला जोर आणतात. पहाटे पातेल्यात भिजत घातलेले हेच पाणी मग दिवसभर सूपमध्ये, पालेभाजीवर, भोपळ्याच्या आणि मुळ्याच्या उकडीत, अंड्याच्या गुंडाळीत आणि सोबा नावाच्या शेवयांच्या रश्श्यात जाते. भाजीच्या वाटीत मासा दिसत नाही म्हणून ती शाकाहारी आहे असे इथे धरता येत नाही.

आणखी काही जागा सांगून ठेवतो. बटाट्याच्या तळलेल्या वड्यांत, म्हणजे कोरोक्केत, बहुधा खिमा असतो आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम. परतलेल्या भाज्यांत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. जुन्या दुकानांत तळण अनेकदा डुकराच्या चरबीत होते, आणि तेल असले तरी त्याच कढईत कोळंबीही तळलेली असते. ऑम्लेटच्या पोटात भात भरून देतात त्या ओमुराइसमध्ये कोंबडीचे तुकडे असतात. नात्तो, म्हणजे आंबवलेले चिकट सोयाबीन, त्याच्याबरोबरच्या सॉसमध्ये माशाचा अर्क असतो, तेव्हा त्यावर नुसता सोया सॉस घालावा.

मग उरते काय? पुष्कळ उरते, फक्त ते लहान लहान वाट्यांत विखुरलेले असते. पांढरा भात अर्थातच. थंड तोफू, ज्याला हियायाक्को म्हणतात, त्यावर आले व कांद्याची पात असते आणि वर कात्सुओबुशी भुरभुरवतात. ती घालू नका एवढेच सांगायचे. नोव्हेंबरात थंडी पडू लागलेली असेल, तेव्हा युदोफु मिळाले तर आईंना ते नक्की द्या. कोन्बू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या पाण्यात तोफू नुसते गरम करतात. बरोबरच्या वाटीत दाशी असण्याचा संभव असतो, म्हणून त्याऐवजी साधा सोया सॉस घ्यावा. दोन अंड्यांचे साधे पोळे, उकडलेल्या एदामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचे भाजलेले पातळ पापुद्रे, मुळ्याचे पिवळे लोणचे. भातावर गरम तोफू, वर सोया सॉसचे दोन थेंब आणि तोंडी लावायला मुळ्याचे लोणचे, हे माझ्या मते या देशातले फार सुंदर जेवण आहे, आणि ते खाताना कोणालाही आपण काही गमावतो आहोत असे वाटत नाही.

किती सांगावे, हाही तुमचा प्रश्न आहे. "हे वगळा" असे सांगणे सोपे आणि रास्त आहे. "हे वेगळे करून द्या" असे सांगणे तिथे जड जाते. सूपसाठी दाशीचे पातेले एकच असते, आणि आजोबांनी एका माणसासाठी दुसरे पातेले चढवावे अशी अपेक्षा आपण करू नये. आईंचे सूप तुम्ही घ्या.


कोंकणकडा:

बाबा रत्नागिरीचे आहेत हे वाचून मला राहवले नाही, म्हणून मत्स्याहाराबद्दल तेवढे लिहितो.

त्यांच्यासाठी साबा मागवा. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, फक्त अंगाने मोठा आणि चरबीने अधिक भरलेला, आणि शरदापासून थंडीपर्यंत तो सर्वांत चविष्ट असतो. तो मीठ लावून भाजलेला मिळतो आणि मिसोमध्ये शिजवलेलाही मिळतो. पहिल्या जेवणाला भाजलेला घ्यावा. मीठ लावून काही वेळ ठेवलेला मासा विस्तवाच्या आचेवर आला की कातडीला फोड येतात, त्या फोडांच्या कडा काळपट आणि कुरकुरीत होतात, आणि खालचे मांस मात्र ओलसर राहते. शेजारी किसलेल्या पांढऱ्या मुळ्याचा लहान ढीग असतो. त्यावर सोया सॉसचे थेंब टाकून माशाच्या घासाबरोबर तो खायचा, म्हणजे तेलकटपणा कापला जातो. तिरफळ आणि कोकम यांवर वाढलेल्या माणसाला आरंभी हे अळणी वाटेल, पण ताज्या माशाची पारख असलेल्या जिभेला तिसऱ्या-चौथ्या घासाला त्यातले मर्म कळते.

मासा अख्खा आला तर तो ताटात उलटू नये. वरची बाजू डोक्याकडून शेपटीकडे खात जावे, मग मधला काटा चॉपस्टिकने उचलून बाजूला ठेवावा आणि खालची बाजू खावी. बाबांना हात लावून काटे काढावेसे वाटले तर संकोच नको. काटे स्वच्छ निघालेले ताट पाहून स्वयंपाक करणाऱ्याला इथेही आनंदच होतो.

मिसोमध्ये शिजवलेला साबा दुसऱ्या खेपेला घ्या. आले घालून आटवलेला तो दाट, गोडसर रस भाताबरोबर फार चांगला लागतो. गोडसर कालवण बाबांना पटेल की नाही, याची मात्र खात्री देता येत नाही.


कौलारू घर:

मी बराच काळ टोकियोत आहे आणि माझे दुपारचे जेवण बहुधा अशाच ठिकाणी होते, म्हणून वेळ, जागा आणि रीत यांविषयी लिहिते.

पाच जणांचा प्रश्न सगळा वेळेवर अवलंबून आहे. आसपासच्या कार्यशाळांची आणि कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी बारा ते एक असते, आणि त्या तासाभरात चार टेबलांच्या दुकानाची दिवसाच्या कमाईतली मोठी रक्कम उभी राहते. त्या वेळी पाच जणांनी निवांत बसणे बरे नव्हे. दुकान उघडताक्षणी, म्हणजे बहुधा साडेअकराच्या आत-बाहेर, किंवा सव्वा एकनंतर जावे. अनेक ठिकाणी दोनच्या सुमारास दुपारचा स्वयंपाक थांबतो, त्यामुळे पावणेदोनला पोहोचून काही उपयोग नाही. दारावर कापडी पडदा, म्हणजे नोरेन, बाहेर टांगलेला असेल तर दुकान चालू आहे. तो आत घेतलेला असेल तर आत दिवा दिसत असला तरी दार सरकवू नये. नोव्हेंबरात 3 आणि 23 तारखेला राष्ट्रीय सुट्ट्या असतात आणि कामगारांच्या भरवशावर चालणारी दुकाने अशा दिवशी अनेकदा बंद असतात, हेही आधी पाहून ठेवा.

मुलीच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून पाहा. धूम्रपानाविषयीचा सुधारित कायदा एप्रिल 2020 पासून पूर्णपणे लागू झाला, पण लहान जुन्या भोजनालयांना त्यातून सवलत आहे, आणि टोकियोच्या नियमानुसार पगारी नोकर नसलेले, घरच्याच माणसांनी चालवलेले दुकान आत सिगारेट ओढू द्यायची की नाही हे स्वतः ठरवू शकते. तुम्ही वर्णन केलेले दुकान नेमके त्याच प्रकारचे आहे. आत धूम्रपानाला परवानगी असेल तर वीस वर्षांखालील कोणालाही तिथे नेता येत नाही, आणि तशी पाटी दारावर लावणे बंधनकारक असते. तुम्ही आजवर एकटे जात असल्यास ती पाटी नजरेआड झाली असण्याचा संभव आहे. आधी दार नीट पाहा, मगच बाकीचा बेत आखा.

तातामीची बैठक लहान मुलांसाठी चांगली, पण वडिलधाऱ्यांच्या गुडघ्यांचे पाहा. जमिनीवर बसून जेवण्याची आपली सवय आता पुष्कळांची सुटली आहे. बाबागाडी घडी करून बाहेर ठेवण्यास जागा आहे का, हे आजींना विचारून घ्या. प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतःसाठी काहीतरी मागवावे, ही इथली अपेक्षा रास्त आहे. पाच जणांत तीन ताटे वाटून घेणे या दुकानांना परवडत नाही. मुलीसाठी वेगळे ताट कोणी मागणार नाही, उलट बहुधा आजी स्वतःच लहान वाटी आणि चमचा आणून ठेवतील.

पैसे रोख न्या, आणि शक्यतो हजार येनच्या नोटा न्या. बक्षिशी ठेवू नका. मागे ठेवलेले पैसे विसरले असे समजून आजी रस्त्यापर्यंत धावत येतील. चॉपस्टिक भातात उभ्या खोचून ठेवू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नये, कारण या दोन्ही गोष्टी मृत्यूनंतरच्या विधींशी जोडलेल्या आहेत. पहिली मृतासमोर ठेवलेल्या भाताशी, दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याशी. आईला तोफूचा तुकडा द्यायचा असेल तर तिच्या बशीत ठेवा. भाताची वाटी हातात उचलून खाणे मात्र इथे शिष्टसंमत आहे. आणि निघताना आत शेगडीकडे तोंड करून "गोचिसोसामा देश्ता", म्हणजे जेवणाबद्दल आभार, असे ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणा. बाबांनाही शिकवून ठेवा. तिथल्या माणसांना त्याचे मोल फार वाटते.


जुनी वही:

बाबांच्या प्रश्नाला हात घालते. त्यांनी इतिहास शिकवला आहे, तेव्हा थोडे विस्ताराने लिहिले तर चालेल.

पैसे देऊन जेवण्याची रीत जपानी शहरांत जुनीच आहे. एदो काळातही, म्हणजे 1603 ते 1868 या काळात, सोब्याच्या आणि भाताच्या टपऱ्या होत्या. पण सामान्य माणसाला स्वस्तात पूर्ण जेवण देणारी जागा हा विसाव्या शतकातील शहरी गरजेचा परिणाम आहे. 1918 साली तांदळाचे भाव इतके भडकले की देशभर दंगली उसळल्या आणि मंत्रिमंडळाला पायउतार व्हावे लागले. त्यानंतर मोठ्या शहरांच्या प्रशासनांनी कष्टकऱ्यांसाठी सार्वजनिक भोजनगृहे काढली. 1923 च्या भूकंपात टोकियो आणि योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर, घरे आणि चुली गमावलेल्या लोकांना बाहेर जेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि खासगी भोजनालयेही झपाट्याने वाढली. युद्धकाळात 1941 पासून शहरांतील तांदूळ शिधापत्रिकेवर आला, आणि बाहेर जेवायचे तर त्यासाठीची वेगळी कुपने द्यावी लागत.

आज ज्या भोजनालयांकडे लोक गहिवरून पाहतात ती मात्र बहुतांशी युद्धानंतरची आहेत. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून ईशान्येकडील खेड्यांतली शाळा संपवलेली मुले खास गाड्यांनी टोकियोच्या उएनो स्थानकावर उतरू लागली आणि पूर्व टोकियोतील लहान कारखान्यांत, दुकानांत कामाला लागली. पंधरा-सोळा वर्षांची ही मुले मालकाच्या घरी किंवा वसतिगृहात राहत, आणि सुट्टीच्या दिवशी किंवा पगार झाल्यावर शोकुदोमध्ये जेवत. गिरणगावातल्या कामगारांना खाणावळीने जसे घरापासून दूर घरचे जेवण दिले, तसेच ते नाते होते. त्यामुळे शोवा काळाबद्दलची, म्हणजे 1926 ते 1989 या सम्राट हिरोहितोंच्या कारकिर्दीबद्दलची ओढ जेव्हा लोक बोलून दाखवतात, तेव्हा त्यांच्या मनात त्या काळाची सुरुवातीची युद्धाची वर्षे नसतात. 1955 नंतरची, हाताला काम असलेली आणि उद्याचा दिवस आजच्यापेक्षा बरा जाईल असे वाटणारी वर्षे असतात. बाबांना हा फरक जरूर सांगा, कारण जुन्या भिंती आणि जुन्या जाहिराती पाहताना तो सहज निसटतो.

भिंतीवरच्या पट्ट्या वाचाल तर त्यातही इतिहास सापडेल. मिसोतला साबा आणि उकडलेला मुळा यांच्या शेजारी कटलेट, ओमुराइस आणि करी राइस असतात. जपानमध्ये शतकानुशतके निदान अधिकृतपणे मांसाहार त्याज्य होता. सम्राट मेइजी यांनी 1872 साली गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, आणि त्यानंतर पाश्चात्त्य पदार्थ भाताबरोबर खाता येतील अशा रूपात हळूहळू घडत गेले. टोकियोच्या गिंझा भागात 1895 साली सुरू झालेले रेंगातेइ हे उपाहारगृह त्या घडणीतले एक मोठे नाव आहे. त्या काळी चैनीचे असलेले हे पदार्थ पुढे पन्नास-साठ वर्षांत गल्लीतल्या शोकुदोपर्यंत उतरले.

करी राइस बाबांना जवळची वाटेल की परकी, याची मला उत्सुकता आहे. ती भारतातून थेट आलेली नाही. ब्रिटिशांची करी, तीही मैद्याने दाट केलेली, जपानी नौदलाने उचलली, आणि पुढे ती घराघरांत गेली. आजही तिथल्या सागरी दलात शुक्रवारी करी असते. भारतीय पद्धतीची करी मात्र वेगळ्या वाटेने आली. क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915 साली जपानला पळून आले, टोकियोतील शिंजुकु येथील नाकामुराया या दुकानाच्या मालक दांपत्याने, सोमा पती-पत्नींनी, त्यांना आसरा दिला, त्यांच्या मुलीशी पुढे बोस यांचा विवाह झाला, आणि 1927 साली त्या दुकानाच्या उपाहारगृहात बोस यांच्या सांगण्याप्रमाणे बनवलेली करी मिळू लागली. ती तिथे आजही मिळते. शोकुदोमधली पिवळसर, दाट, गोडसर करी एक दिवस आणि नाकामुरायाची करी दुसऱ्या दिवशी, असा बेत बाबांसाठी जरूर करा. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगली मेजवानी मला सुचत नाही.


शेवंती:

वरची उत्तरे फार चांगली आहेत, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे.

मुशाफिर यांनी सांगितलेले लहान वाट्यांचे जेवण आईंना पुरेल, हे खरे. तरीही त्यांना हे ठिकाण पहिल्याच दिवशी दाखवू नये असे मला वाटते. प्रवासाने थकलेल्या, भाषा न कळणाऱ्या शाकाहारी माणसाला प्रत्येक घासाआधी "यात काय आहे?" असे विचारावे लागले, तर जेवणाचा आनंद राहत नाही, आणि मुलाच्या आनंदासाठी आई काहीच बोलत नाही. आधी त्यांना एखाद्या बौद्ध मंदिराच्या पद्धतीचे शोजिन जेवण द्या, ज्यात दाशी कोन्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची असते. तिथे त्या निश्चिंतपणे सूप पितील आणि तोफूचे, मुळ्याचे, मिसोचे स्वाद त्यांच्या ओळखीचे होतील. त्यानंतर शोकुदोमध्ये गेलात तर ताटातले निम्मे पदार्थ त्यांना ओळखीचे वाटतील.

दुसरे, अशा दुकानांबद्दल बोलताना आपण गतकाळाच्या आठवणींत फार रमतो. ओइता प्रांतातील बुंगोताकादा या गावाने आपली जुनी बाजारपेठ शोवा काळाचे गाव म्हणून सजवली आहे आणि योकोहामाच्या रामेन, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, या पदार्थाच्या संग्रहालयात 1958 सालची गल्ली उभी केली आहे. त्या जागा आवडीने पाहाव्यात. पण तुमच्या शेजारचे आजी-आजोबा देखावा म्हणून जुन्या टेबलांवर वाढत नाहीत. ती टेबले अजून टिकली आहेत आणि नवी घेण्याइतका नफा बहुधा उरत नाही. 2025 साली तांदळाची किरकोळ किंमत आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट झाली, आणि भात पोटभर वाढणाऱ्या दुकानाला त्याचा फटका सर्वांत आधी बसतो. किमतीवर चिकटवलेले जे कोरे कागद तुम्ही पाहिलेत, त्यांतला वरचा बहुधा त्याच दिवसांतला असेल. मुले दुसऱ्या नोकरीत असतात, दुकान पुढे चालवायला कोणी नसते, आणि एके दिवशी दारावर आभाराचा कागद लागतो. म्हणून माझे सांगणे एवढेच की तुम्ही त्यांच्याकडे एकदाच आईवडिलांना घेऊन न जाता एरवीही नियमाने जात राहा.


पारिजात:

सर्वांचे मनापासून आभार. धूम्रपानाच्या नियमाची मला मुळीच कल्पना नव्हती. आज संध्याकाळी जाऊन दार पाहून आले. तशी पाटी नाही, आणि आजींना विचारले तेव्हा त्यांनी काही वर्षांपूर्वीच आतली ॲशट्रे काढून टाकल्याचे सांगितले. शेवंती यांचा सल्लाही पटला. आईला आधी शोजिन जेवणाला नेईन.

आता एकच विचारायचे राहिले. आईविषयी आजींना आधी जाऊन सांगून ठेवावे, की त्या दिवशी बसल्यावर सांगावे? आणि नेमके कोणत्या शब्दांत? माझे जपानी कामापुरते आहे, पण अशा वेळी ते फार रुक्ष वाटते.


मुशाफिर:

आधी सांगा, आणि दुपारची गर्दी ओसरल्यावर, स्वतः तिथे जेवून उठताना सांगा. फोनवर सांगू नका. भर कामात फोन घेणे त्या दोघांना अवघड जाते.

शब्द साधेच ठेवा. "हाहा वा निकु तो साकाना गा ताबेरारेमासेन. तामागो वा दाइजोबु देसु," म्हणजे आईला मांस आणि मासे खाता येत नाहीत, अंडे चालते. शाकाहारी असा एकच शब्द वापरलात तर कोंबडी, हॅम किंवा माशाची दाशी त्यात येते की नाही याबद्दल गोंधळ होतो. काय चालत नाही ते थेट सांगितले तर होत नाही. त्याला जोडून तोफूचे नाव घ्या आणि "कात्सुओबुशी नाशी दे ओनेगाइ शिमासु", म्हणजे कृपया कात्सुओबुशी घालू नका, एवढे म्हणा. सूप नको असेही तेव्हाच सांगून टाका, म्हणजे वाढलेले सूप परत जाणार नाही.

याचा एक फायदा असा की आजोबांना विचार करायला वेळ मिळतो. बसल्यावर सांगितले तर "जमणार नाही" हेच सोपे उत्तर असते; चार दिवस आधी सांगितले तर कदाचित ते स्वतःच काही सुचवतील. मात्र त्यांनी नाही म्हटले तर दुसऱ्यांदा विचारू नका. तसे झाल्यास आईंना दोन अंड्यांचे पोळे, भात, नोरी आणि लोणचे मागवा, आणि बाबांना साबा.


कौलारू घर:

एक पुस्ती जोडते. त्या दिवशी जाताना रत्नागिरीहून आलेले काही आजींसाठी न्यावे असे आईंच्या मनात येईलच. न्या, पण आंब्याचे किंवा मिरचीचे लोणचे नको, कारण आपला तिखटपणा त्या वयाला झेपत नाही. आंबापोळी न्या, ती कापून चहाबरोबर खाता येते. जेवण झाल्यावर, पैसे देऊन झाले की मग द्या. आधी दिलीत तर त्या बिलातून काहीतरी वजा करण्याच्या मागे लागतील.